न्यूझीलंडमधील क्लबच्या स्की फील्डवर पहिल्यांदा जाताना

क्राइस्टचर्चहून स्टेट हायवे ७३ धरून आर्थर्स पासच्या दिशेने निघाले, की कँटरबरीचा सपाट प्रदेश हळूहळू संपत जातो, स्प्रिंगफील्ड मागे पडते आणि ९३९ मीटर उंचीची पोर्टर्स पास ही खिंड ओलांडल्यावर क्रेगीबर्न डोंगररांगेचा परिसर सुरू होतो. या रांगेत आणि तिच्या आसपास क्रेगीबर्न व्हॅली, ब्रोकन रिव्हर, माउंट चीझमन, माउंट ऑलिंपस आणि टेंपल बेसिन ही स्की फील्ड आहेत. कोणा कंपनीने नफ्यासाठी चालवलेली ही ठिकाणे नाहीत. ती स्कीइंग क्लबांची आहेत आणि क्लबांचे सभासदच ती चालवतात. लिफ्टचे खांब, लॉज, रस्त्याच्या कडेचे चर या सगळ्यांत सभासदांच्या कित्येक उन्हाळ्यांचे श्रमदान मुरलेले आहे. पगारी माणसे थोडी असतात; बाकीचा भार स्वयंसेवक उचलतात. येथे बाहेरच्या पाहुण्यालाही दिवसाचे तिकीट काढून स्कीइंग करता येते, लॉजमध्ये जागा असेल तर मुक्कामही करता येतो. मात्र मोठ्या रिसॉर्टमध्ये जी कामे आपल्यासाठी कोणीतरी न बोलता करून टाकते, त्यांतली बरीचशी येथे आपली आपल्याला करावी लागतात, आणि त्यासाठी घरून निघण्यापूर्वीच तयारी करावी लागते.

आपल्याला झेपेल असे ठिकाण निवडणे

सर्वांत आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे, की आपल्याला स्कीइंग कितपत येते. ज्यांनी पायात स्की कधीच बांधल्या नाहीत, त्यांनी क्रेगीबर्न व्हॅलीचा विचार पहिल्या वर्षी तरी करू नये. तेथील उतार तीव्र आहेत आणि नवशिक्यांसाठी वेगळी जागा नाही. माउंट चीझमनवर, इतरत्र धरून वर जावे लागते त्या धावत्या दोराऐवजी टी-बार आहेत, म्हणजे कमरेमागे आडवा दांडा घेऊन ओढले जायचे असते, आणि लहान मुले असलेली कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने जातात. ब्रोकन रिव्हरला गाडीतळापासून बीच वृक्षांच्या जंगलातून वर जावे लागते. टेंपल बेसिनला जायचे तर गाडी आर्थर्स पास गावाच्या वर हायवेच्या कडेलाच सोडून डोंगर चढावा लागतो; सामान गुड्स लिफ्टने वर जाते, पण माणसाला सुमारे तासभर चालावे लागते. माउंट ऑलिंपसचा रस्ता या हायवेवरून नसून लेक कोलरिजच्या बाजूने आहे आणि तो चांगलाच चढाचा आहे.

क्लबची फील्ड एवढीच नाहीत. दक्षिण कँटरबरीत फेअर्लीजवळ फॉक्स पीक आहे, हॅनमर स्प्रिंग्जजवळ एक आहे, उत्तर बेटावर रुआपेहू ज्वालामुखीच्या पूर्व अंगाला टुकिनो आहे आणि तारानाकी पर्वतावर मंगानुई आहे. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे तेथेही लागू पडते. परंतु माझा स्वतःचा अनुभव क्रेगीबर्न परिसराचा आहे, म्हणून उदाहरणेही तिथलीच देते.

पहिल्या भेटीसाठी माझा सल्ला असा, की जेथे दोन दिवस राहता येईल असे ठिकाण निवडावे. पहिला दिवस रस्ता, चढ आणि लिफ्टचा दोर शिकण्यात जातो. स्कीइंगचा खरा आनंद दुसऱ्या दिवशी मिळतो. एका दिवसात जाऊन परत येणारे अनेकदा दोराशी झगडून, दमून आणि हिरमुसले होऊन परततात, आणि त्यांना त्या डोंगराची खरी ओळख होतच नाही.

हंगाम आणि वारा

येथील हिवाळा जून ते ऑगस्ट असतो. फील्ड साधारणपणे जूनच्या अखेरीस किंवा जुलैत उघडतात आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. कृत्रिम बर्फ पाडण्याची यंत्रे क्लबांकडे सहसा नसतात, त्यामुळे आभाळातून पडेल तेवढ्यावरच सगळे अवलंबून असते. तारीख आधी ठरवून बर्फाची वाट पाहण्यापेक्षा, दोनतीन सोयीच्या तारखा हाताशी ठेवून हवामान पाहून निघणे शहाणपणाचे ठरते.

हवामानाचा अंदाज वाचताना तापमानाइतकेच वाऱ्याच्या दिशेकडे लक्ष द्यावे. दक्षिणेकडून येणारा वारा थंड असतो आणि कँटरबरीच्या डोंगरांवर बर्फ आणतो. वायव्येचा वारा, ज्याला येथे सगळे नॉरवेस्टर म्हणतात, तो मुख्य डोंगररांगेच्या पश्चिमेला पाऊस सांडून पूर्वेकडे कोरडा आणि उबदार होऊन उतरतो. तो जोरात असेल तर लिफ्ट बंद ठेवाव्या लागतात, आणि धारेवरचा बर्फ उडवून तो आडोशाच्या उतारांवर थरांनी रचून ठेवतो, ज्याचा संबंध पुढे येणाऱ्या हिमस्खलनाशी आहे. निघण्याच्या दिवशी सकाळी क्लबचा बर्फाचा अहवाल वाचल्याशिवाय गाडी सुरू करू नये. रस्ता उघडा आहे का, चाकांना साखळ्या लागतील का आणि कोणत्या लिफ्ट चालू आहेत, हे त्यात दिलेले असते.

रस्ता आणि चाकांच्या साखळ्या

हायवे सोडल्यावर लागणारा फील्डचा रस्ता बहुधा खडीचा, अरुंद आणि कठडा नसलेला असतो. समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि जागा पुरेशी नसली, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचावा, कारण अनेक कंपन्या स्की फील्डच्या रस्त्यांवर गाडी नेण्यास मनाई करतात आणि तेथे झालेल्या नुकसानाला विमा लागू होत नाही. इंधनाची टाकी मैदानी भागातच भरून घ्यावी. डिझेल गाडी असेल तर साध्या डिझेलमध्ये कडाक्याच्या थंडीत मेणासारखा साका धरतो आणि सकाळी इंजिन सुरू होत नाही, म्हणून थंड प्रदेशासाठीचे डिझेल भरावे.

साखळ्या सोबत असणे आणि त्या बसवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घराच्या अंगणात, कोरड्या जमिनीवर, दिवसाउजेडी त्या दोनदा तरी बसवून पाहाव्यात. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्या चाकांना साखळ्या लावतात. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळी चाकावर पसरावी, आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवावा, मग बाहेरचा, आणि थोडे अंतर चालवून पुन्हा उतरून ती ताणून घ्यावी. हे शेवटचे काम बहुतेक लोक टाळतात आणि सैल साखळी पुढच्याच वळणावर निघून येते. चाक घसरू लागल्यावर साखळ्यांची आठवण होणे हे फार उशिरा होणे आहे. सूचनाफलक दिसताच, सपाट जागा असतानाच थांबावे. पातळ रबरी हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जाड पोत्याचा तुकडा आणि डोक्याला बांधायची विजेरी हे तीन जिन्नस साखळ्यांच्याच पिशवीत ठेवावेत.

वर पोहोचल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करावी; हँडब्रेक ओढलेला राहिला तर रात्रीतून गोठून बसू शकतो. येथेच केआ या हिरवट रंगाच्या डोंगरी पोपटाची गाठ पडते. तो अतिशय हुशार आणि चौकस पक्षी आहे, गाडीच्या खिडकीभोवतीचे रबर आणि वायपर चोचीने सोलून काढतो आणि उघड्या पिशवीतली चेन सरकवून आतले जेवण पळवतो. त्याला काहीही खायला घालू नये. ही जात धोक्यात आहे, आणि माणसांच्या खाण्याची चटक लागलेला केआ गाड्यांच्या आणि वस्तीच्या जवळ येऊन जिवाला मुकतो. सामान झाकून ठेवावे आणि त्याला लांबूनच पाहावे. पंख उघडताच खालच्या बाजूचा केशरी रंग झळकतो तो पाहण्यासाठी दोन मिनिटे थांबण्यात वेळ वाया जात नाही.

नटक्रॅकर आणि दोर

आता मुख्य गोष्ट. मोठ्या रिसॉर्टमध्ये खुर्चीवर बसून वर जाता येते. क्लबच्या बहुतेक फील्डवर खुर्ची नसते. तेथे इंजिनावर फिरणारा एक अखंड दोर असतो, जो खांबांवरच्या कप्प्यांवरून साधारण कमरेच्या उंचीने सतत वर धावत असतो, आणि त्याला धरून आपण बर्फावर उभ्या उभ्या ओढले जातो. नुसत्या हातांनी एवढा वेळ दोर धरणे शक्य नसते, म्हणून कमरेला एक रुंद पट्टा बांधतात आणि त्या पट्ट्याला आखूड दोरीने लोखंडी नटक्रॅकर जोडलेला असतो. त्याचे रूप ओळखीचे वाटेल: मोठा अडकित्ता डोळ्यांसमोर आणावा, ज्याला धार नाही आणि ज्याची दोन पाती एका टोकाला बिजागरीने जोडलेली आहेत. त्या दोन पात्यांमध्ये दोर पकडला, की आपले वजन हातांऐवजी पट्टा घेतो.

पट्टा कमरेच्या हाडांवर, म्हणजे पोटापेक्षा खाली, घट्ट बांधावा. तो वर सरकलेला असेल तर ओढ पोटावर येते आणि तोल पुढे जातो. जॅकेटच्या लोंबणाऱ्या दोऱ्या, गळपट्टा, पाठपिशवीचे मोकळे पट्टे हे सगळे आत खोचावे. ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी वेणी जॅकेटच्या आत घालावी. ही सूचना मी पोटतिडकीने करते, कारण कप्पी आणि दोर यांच्यामध्ये जे जाईल ते परत येत नाही. चांगल्या हातमोज्यांवर चामड्याचे जाड आवरण चढवावे. माझ्या पहिल्या फेरीच्या दिवशी मी ते न चढवता गेले होते. दुपारपर्यंत उजव्या मोज्याचा तळवा दोराने घासून चकचकीत काळा झाला, मग त्यातून आतला पांढरा अस्तराचा कापूस दिसू लागला, आणि संध्याकाळी लॉजमध्ये तो शेगडीजवळ वाळत घातला तेव्हा त्याला जळक्या रबराचा वास येत होता.

कृती अशी आहे. दोराच्या बाजूला, दोन्ही स्की चढाच्या दिशेने सरळ आणि एकमेकींना समांतर ठेवून, आधीच्या लोकांनी पाडलेल्या चाकोरीत उभे राहावे. दोराजवळच्या हाताने दोर आधी अगदी सैल धरावा आणि तो मुठीतून सरकू द्यावा. मग मूठ हळूहळू आवळावी. येथे घाई केली तर दोर हिसका देतो आणि माणूस तोंडावर पडतो. मूठ सावकाश आवळत नेली तर एका क्षणी आपणही दोराच्याच वेगाने सरकत आहोत असे जाणवते. तो क्षण आला, की दुसऱ्या हाताने नटक्रॅकर दोरावरून पलीकडे टाकावा, दोन्ही पाती एकत्र मिटून दोर त्यात पकडावा आणि मूठ दाबून धरावी. पट्ट्यावर ओढ बसली म्हणजे पकड पक्की झाली. मग पहिला हात दोरावरून काढून घ्यावा, गुडघे किंचित वाकवावेत आणि वजन पट्ट्यावर सोडावे.

वाटेत कप्प्या लागतात. नटक्रॅकर कप्पीच्या बाहेरच्या अंगाने खडखडाट करत निघून जातो, त्याला काही करावे लागत नाही. आपण फक्त हात दोरावर ठेवायचा नाही, बोटे नटक्रॅकरच्या मागेच राहतील हे पाहायचे आणि दोर आपल्याकडे ओढायचा नाही. चाकोरी सोडून बाजूला वळले तर दोर कप्पीवरून निसटतो, आणि तो पुन्हा चढवीपर्यंत मागच्या सगळ्यांना थांबावे लागते. पडलात तर नटक्रॅकर तत्काळ सोडावा आणि लोळत का होईना पण चाकोरीतून बाहेर पडावे, कारण मागून दुसरा माणूस येत असतो. शेवटच्या टोकाला सुरक्षा-अडसर असतो. कोणी वेळेवर सुटले नाही तर त्यामुळे दोर थांबतो. तेथवर न जाता, सुटण्याच्या ठरलेल्या जागी मूठ उघडून नटक्रॅकर दोरावरून काढावा आणि लगेच बाजूला व्हावे.

स्नोबोर्डवर हे अधिक अवघड जाते, कारण अंग आडवे असते आणि दोर एकाच बाजूला असतो. पण स्नोबोर्ड घेऊन दिवसभर वर-खाली करणारे पुष्कळ जण तेथे दिसतात.

पहिल्यांदा आलो आहोत हे लिफ्टवरच्या माणसाला आवर्जून सांगावे. तो खालच्या, सोप्या दोरावर पाठवतो, सुरुवातीला दोराचा वेग कमी करतो आणि शेजारी उभा राहून हात कोठे ठेवायचा ते दाखवतो. चारपाच वेळा पडणे हे अगदी नेहमीचे आहे आणि रांगेतले कोणी त्यावर कुरकुर करत नाही. त्यांतला प्रत्येक जण कधीतरी त्याच जागी पडलेला असतो.

हिमस्खलन

या फील्डचे आकर्षण म्हणजे यंत्राने न दाबलेला, मोकळा बर्फ. घसाऱ्याच्या रुंद उतारांवर आणि अरुंद घळींमध्ये पसरलेला हा बर्फ मोठ्या जोखमीचाही असतो. फील्डच्या हद्दीत गस्तीपथकाची माणसे सकाळी उतार तपासतात, गरज पडल्यास स्फोटके लावून बर्फ आधीच खाली पाडतात आणि मग एकेक भाग खुला करतात. बंद असल्याचा फलक किंवा दोरी लावलेली असेल, तर पलीकडे इतरांच्या खुणा दिसत असल्या तरी जाऊ नये. त्या खुणा उमटल्या तेव्हा बर्फाची स्थिती काय होती, हे आपल्याला ठाऊक नसते.

हद्दीबाहेर जाण्याचा विचार असेल तर न्यूझीलंड अ‍ॅव्हलान्च अ‍ॅडव्हायझरीचा त्या दिवसाचा अंदाज वाचावा. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि कोणत्या दिशेचे, किती उंचीवरचे उतार धोक्याचे आहेत तेही सांगितलेले असते. प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव लावणारे संदेशयंत्र), चाचपणीची लांब सळई आणि फावडे असायलाच हवे, आणि ते वापरण्याचा सराव झालेला हवा. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या सुमारे १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येण्याइतका वेळ नसतो, सोबत्यांनीच शोधून उकरावे लागते. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटीमीटर लांब ठेवावा आणि शोध चालू असताना ५० सेंटीमीटर, कारण जवळ असला तर तो संदेशात अडथळा आणतो. ज्यांनी या विषयाचे प्रशिक्षण घेतलेले नाही त्यांनी हद्दीतच राहावे. हद्दीतला डोंगर पहिल्या चारपाच भेटींना पुरून उरतो.

अपघात झाल्यास आधी फील्डच्या गस्तीपथकाला कळवावे. देशाचा तातडीचा क्रमांक १११ आहे, पण डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. न्यूझीलंडमध्ये झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा खर्च एसीसी ही सरकारी योजना पाहुण्यांच्या बाबतीतही बराचसा उचलते, मात्र रद्द झालेला प्रवास किंवा मायदेशी परतण्याचा खर्च तिच्यात येत नाही, म्हणून प्रवासविमा वेगळा काढावा.

लॉजमधला मुक्काम

लॉजची जागा आधी आरक्षित करावी, आणि शाळांच्या जुलैमधल्या सुट्टीत तर खूपच आधी. खोल्या बहुधा सामायिक असतात, वरखाली लाकडी फळ्यांवर गाद्या असतात. स्लीपिंग बॅग किंवा चादरी न्यायच्या की नाही, जेवण मिळते की स्वतः शिजवायचे, हे प्रत्येक क्लबचे निराळे असते, म्हणून आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. घरात घालायच्या चपला किंवा लोकरी सपाता, स्वतःचा टॉवेल आणि कानात घालायचे बोळे सोबत ठेवावेत. डोंगरावर दुकान नसते, त्यामुळे विसरलेली वस्तू खालूनच आणावी लागते. साहित्य भाड्याने घ्यायचे असेल तर ते शहरातच घ्यावे. न्यूझीलंडचे ऊन कडक असते आणि बर्फावरून परतून ते हनुवटीखालची त्वचाही भाजते, तेव्हा मलम तेथेही लावावे.

लॉजमध्ये प्रत्येकाला काही काम वाटून दिलेले असते: भांडी घासणे, मजला झाडणे, लाकडे आत आणणे, न्हाणीघर पुसणे. कामांची यादी बहुधा स्वयंपाकघराच्या भिंतीवर असते. पाहुण्याने आपले काम कोणी सांगण्याची वाट न पाहता विचारून घ्यावे. त्यामागे शिष्टाचार तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ते काम आपण केले नाही तर दिवसभर लिफ्ट चालवून आलेल्या एखाद्या स्वयंसेवकाला रात्री ते करावे लागते. भांडी पुसताना शेजारी उभ्या असलेल्या सभासदाकडून जी माहिती मिळते ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते: उद्या सकाळी ऊन आधी कोणत्या उतारावर पोहोचेल, कोणत्या धारेवर वाऱ्याने बर्फ टणक केला आहे, आणि पहिला दोर सुरू होण्यापूर्वी तेथे कधी पोहोचावे. मला क्रेगीबर्नमधला सर्वांत चांगला उतार असाच, ओल्या पंचाने कढई पुसत असताना, एका आजींनी खिडकीतून बोट दाखवून सांगितला. त्या तेथे तरुणपणापासून येत होत्या आणि त्या उतारावरचा प्रत्येक खडक त्यांना ठाऊक होता.

निघायच्या सकाळी गादी झटकून, खोली झाडून आणि आपला कचरा सोबत घेऊन निघावे. जाण्यापूर्वी कमरेकडे एकदा पाहावे: नटक्रॅकरचा पट्टा क्लबकडून घेतलेला असेल आणि जॅकेटखाली तो अजून बांधलेलाच असेल, तर तिकीटघरात परत करावा. मी एकदा तो तसाच बांधून खाली हायवेपर्यंत आले, आणि साखळ्या काढायला वाकले तेव्हा लोखंड मांडीला टोचले; मग तेवढ्यासाठी साखळ्या पुन्हा बसवून वर जावे लागले.